जप्त झालेली कादंबरी आणि निसटलेली कादंबरी

९ नोव्हेंबर १९२८ च्या सकाळी लंडनच्या बो स्ट्रीट मॅजिस्ट्रेट कोर्टात साक्षीदारांची रीघ लागली होती. लेखक, डॉक्टर, धर्मगुरू असे सुमारे ४० जण एका कादंबरीच्या बाजूने शपथेवर बोलायला तयार होते. त्यांत ई. एम. फॉर्स्टर होता, व्हर्जिनिया वूल्फ होती. मॅजिस्ट्रेट सर चार्ट्रेस बायरन यांनी बचावाच्या एकाही साक्षीदाराचे म्हणणे ऐकून घेतले नाही. पुस्तक अश्लील आहे की नाही हे ठरवणे कोर्टाचे काम आहे, तिथे तज्ज्ञांच्या मताला जागा नाही, असे त्यांनी बजावले. आठवड्याने, १६ नोव्हेंबरला, निकाल लागला : पुस्तक अश्लील आहे, प्रती नष्ट कराव्यात.

ती कादंबरी म्हणजे रॅडक्लिफ हॉलची ‘द वेल ऑफ लोनलिनेस’. एका स्त्रीचे दुसऱ्या स्त्रीवरचे प्रेम हा तिचा विषय. ४००हून जास्त पानांच्या या कादंबरीत शरीरसंबंधाचा उल्लेख जेमतेम एका वाक्यात येतो, तोही आडवळणाने.

कोर्टात हजर असलेल्या वूल्फची स्वतःची नवी कादंबरी चारच आठवड्यांपूर्वी, ११ ऑक्टोबरला, बाजारात आली होती. ‘ऑर्लँडो’चा नायक एलिझाबेथ राणीच्या काळातला तरुण सरदार. तो कॉन्स्टँटिनोपलला सात दिवस गाढ झोपतो आणि बाई होऊन जागा होतो. तीनशेहून अधिक वर्षे जगतो, कधी बायकांच्या तर कधी पुरुषांच्या प्रेमात पडतो. वूल्फने ही कादंबरी जिच्या प्रेमात लिहिली, त्या व्हिटा सॅकव्हिल-वेस्टला ती अर्पण केलेली होती आणि ऑर्लँडो म्हणून व्हिटाचेच फोटो आत छापलेले होते. या पुस्तकाला कोणी हात लावला नाही. सहा महिन्यांत त्याच्या ८,०००हून अधिक प्रती खपल्या.

आधुनिकतावादी लेखिकांनी बाईपण, पुरुषपण आणि शरीराची ओढ यांबद्दल काय लिहिले, याचा विचार बहुतेक वेळा शैलीच्या अंगाने होतो. तुटक वाक्ये, काळाच्या उड्या, सूचकता, अर्धवट सोडलेले प्रसंग या सगळ्याचे कौतुक नव्या कलादृष्टीचे लेणे म्हणून होते. ते खरेच आहे. पण ज्या काळात हे लिहिले गेले त्या काळात मुद्रकापासून पुस्तकविक्रेत्यापर्यंत कोणाच्याही दारात पोलीस येऊ शकत होते. आडून लिहिण्याची जी कला या बायकांनी कमावली, तिच्यामागे ही धास्तीही होती. आणि आडून लिहायचे नाही असे ठरवणाऱ्या एकीने त्याची पुरी किंमत मोजली.

कायद्याची स्थिती मोठी चमत्कारिक होती. पुरुषांमधली कुठलीही शारीरिक जवळीक १८८५ च्या कायद्याने गुन्हा ठरली होती आणि त्याच कलमाखाली १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्ड तुरुंगात गेला. बायकांबद्दल कायद्यात अक्षर नव्हते. १९२१ मध्ये स्त्रियांनाही त्या कलमाखाली आणण्याची दुरुस्ती हाउस ऑफ कॉमन्समध्ये १४८ विरुद्ध ५३ मतांनी मंजूर झाली, पण हाउस ऑफ लॉर्ड्सने ती फेटाळली. कारण काय? बहुसंख्य बायकांना असे काही असते हे ठाऊकच नाही, कायदा केला तर तो वाचून त्यांना कळेल, असा युक्तिवाद तिथल्या मातब्बर कायदेपंडितांनी केला. म्हणजे शिक्षेपेक्षा मौन बरे. स्त्रियांच्या बाबतीत राज्याने स्वीकारलेले धोरण हे होते : गुन्हा म्हणूनसुद्धा त्या गोष्टीचे नाव घ्यायचे नाही.

हॉलच्या कादंबरीने नेमके नाव घेतले. तिचा गुन्हा एवढाच.

मार्गरिट रॅडक्लिफ हॉलचा जन्म १८८० चा. घरचा वारसा मोठा, त्यामुळे पोटापाण्याची चिंता नाही. मित्रमंडळी तिला ‘जॉन’ म्हणत. आखूड कापलेले केस, शिवून घेतलेले कोट, टाय असा तिचा वेश असे आणि उना ट्रब्रिज या जोडीदारिणीबरोबर ती उघडपणे राहत असे. १९२६ मध्ये आलेल्या ‘अ‍ॅडम्स ब्रीड’ या कादंबरीने तिला फेमिना आणि जेम्स टेट ब्लॅक असे दोन मानाचे पुरस्कार मिळवून दिले होते. नाव झालेले असताना, वाचकवर्ग हाती असताना तिने ठरवून हा विषय घेतला. प्रकाशक जोनाथन केपला तिने आधीच सांगितले होते की यातला एकही शब्द बदलणार नाही.

कादंबरीची नायिका स्टीफन गॉर्डन. आईबापांना मुलगाच होणार याची इतकी खात्री की जन्मलेल्या मुलीलाही त्यांनी पुरुषाचेच नाव दिले. स्टीफन घोडेस्वारी करते, तलवारबाजी शिकते, पहिल्या महायुद्धात आघाडीवर रुग्णवाहिका चालवते, लेखिका म्हणून नाव काढते. मेरी नावाच्या मुलीवर तिचे प्रेम बसते आणि शेवटी मेरीला समाजात चारचौघींसारखे जगता यावे म्हणून स्टीफन स्वतःच्या हाताने तिला एका पुरुषाकडे लोटते. गोष्ट जुन्या वळणाची आहे. सुरुवात, मध्य, शेवट सगळे सरळ रेषेत. प्रयोग म्हणावा असा एकही नाही. वर्णने लांबलेली, भावना ओथंबलेल्या. लैंगिकताशास्त्रज्ञ हॅवलॉक एलिसने पुस्तकाला छोटेसे अभिमतही दिले होते. ही वृत्ती जन्मजात असते, तिचा दोष माणसाच्या माथी मारता येत नाही, हे एलिसचे आणि त्या काळच्या पुरोगामी डॉक्टरांचे मत हॉलने मनोमन स्वीकारले होते. आजच्या वाचकाला स्टीफनचे स्वतःला निसर्गाची चूक समजणे बोचते. पण १९२८ मध्ये हीच भूमिका सर्वांत धाडसी होती, कारण तिच्यातून दयेची नव्हे तर जगण्याच्या हक्काची मागणी निघत होती.

केपने कादंबरी २७ जुलै १९२८ ला काढली. काळी साधी बांधणी, किंमत १५ शिलिंग, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या दुप्पट. पुस्तक गंभीर वाचकाच्याच हाती पडावे, हा हेतू. पहिले परीक्षण-लेख संयमी होते. काहींना कादंबरी लांबण लावणारी वाटली, काहींना प्रामाणिक. तीन आठवडे शांततेत गेले. मग १९ ऑगस्टला ‘संडे एक्स्प्रेस’चा संपादक जेम्स डग्लस याने अग्रलेख लिहून पुस्तकावर बंदी मागितली. धडधाकट मुलामुलीच्या हाती हे पुस्तक देण्यापेक्षा विषाची बाटली देणे परवडले, अशा अर्थाचे त्याचे वाक्य लंडनभर झाले.

केप गांगरला. त्याने आपण होऊन पुस्तकाची प्रत गृहमंत्री विल्यम जॉइन्सन-हिक्स यांच्याकडे अभिप्रायासाठी पाठवली. हे गृहस्थ कडवे सनातनी ख्रिस्ती, रात्रीच्या क्लबांवर धाडी घालण्यासाठी प्रसिद्ध. दोन दिवसांत उत्तर आले : पुस्तक मागे घ्या, नाहीतर फौजदारी. केपने छपाई थांबवली, पण छपाईचे साचे गुपचूप पॅरिसला पेगसस प्रेसकडे रवाना केले. तिथे छापलेल्या प्रती इंग्लंडात परत येऊ लागल्या. डोव्हर बंदरात कस्टम्सने २५० प्रतींचा गठ्ठा अडवला. कस्टम्सच्या प्रमुखाने पुस्तक वाचले, त्यात अडवण्याजोगे काही नाही असे मत दिले आणि गठ्ठा सोडला. मग गृहखात्याने पोलिसांकरवी लंडनमधला वितरक लिओपोल्ड हिल याच्या दुकानावर आणि केपच्या कचेरीवर छापा घातला.

खटला चालला तो १८५७ च्या अश्लील प्रकाशन कायद्याखाली. या कायद्यात लेखक आरोपी नसतोच. पुस्तक जप्त होते, ते का नष्ट करू नये याचे कारण प्रकाशकाने आणि विक्रेत्याने द्यायचे. आणि अश्लील म्हणजे काय? १८६८ च्या हिकलिन खटल्यात न्यायाधीश कॉकबर्न यांनी घालून दिलेली कसोटी अशी : ज्यांची मने अशा प्रभावाला बळी पडू शकतात त्यांना भ्रष्ट करण्याची प्रवृत्ती त्या मजकुरात असणे. मजकूर कोणाच्याही हाती पडू शकतो, तेव्हा सर्वांत कोवळ्या मनाच्या वाचकाचे माप सगळ्यांना लावायचे. साहित्यगुणांना या मापात शून्य किंमत. बायरन तर निकालात त्याच्याही पुढे गेले. पुस्तक जितके चांगले लिहिलेले तितके ते घातक, असे त्यांचे म्हणणे.

बचावाचा वकील नॉर्मन बर्केट नामांकित होता, पण त्याने पहिल्याच दिवशी घात केला. कादंबरीतल्या स्त्रियांचे नाते केवळ भावनिक आहे, त्यात शारीरिक काहीच नाही, असे त्याने कोर्टाला सांगून टाकले. सुटकेचा तो सोपा मार्ग होता. मधल्या सुट्टीत हॉलने त्याला गाठले. संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी होते. हे विधान मागे घे, नाहीतर मी उभी राहून खरे काय ते सांगते, असे तिने बजावले आणि बर्केटला दुपारी शब्द गिळावे लागले. ज्या बाईला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहण्याचाही अधिकार नव्हता तिने आपल्याच वकिलाला, आपल्या पुस्तकाच्या सुटकेच्या विरोधात, खरे बोलायला लावले. आघाडीवरच्या रुग्णवाहिका चालवणाऱ्या बायकांवर पुस्तकाने शिंतोडे उडवले आहेत असे बायरन म्हणाले तेव्हा ती प्रेक्षकांतून उठून बोलली. गप्प बसा, नाहीतर बाहेर काढावे लागेल, असे तिला ऐकवण्यात आले.

१४ डिसेंबरला अपीलही फेटाळले गेले. त्या वेळी सरकारच्या बाजूने साक्ष द्यायला मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग हजर होता. त्याची गरज पडली नाही.

वूल्फला ही कादंबरी आवडली नव्हती. खासगी पत्रांत तिने ती निर्जीव, कंटाळवाणी ठरवली होती. फॉर्स्टरचेही मत फार वेगळे नव्हते. बंदीविरुद्ध मान्यवरांच्या सह्यांचे पत्र काढायचे ठरले तेव्हा पत्रात पुस्तकाच्या कलागुणांचा गौरव हवाच असा आग्रह हॉलने धरला आणि बेत फिसकटला. शेवटी ८ सप्टेंबरच्या ‘नेशन अँड अथेनियम’मध्ये फॉर्स्टर आणि वूल्फ या दोघांच्याच सहीचे पत्र छापून आले. लेखकाच्या मनावर अशा बंदीचा काय परिणाम होतो, हा त्याचा रोख होता. फॉर्स्टरला तो परिणाम चांगला ठाऊक होता. दोन पुरुषांच्या प्रेमावरची त्याची ‘मॉरिस’ ही कादंबरी १९१४ पासून लिहून तयार होती. ती छापली गेली १९७१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

मग ‘ऑर्लँडो’ कशी निसटली?

वूल्फने ती चरित्र म्हणून रचली. मुखपृष्ठावर ‘चरित्र’ असेच लिहिले, आत फोटो घातले, सूची जोडली, आभार मानले. काही दुकानदारांनी खरोखर ती चरित्रांच्या फळीवर ठेवली आणि खप बुडेल म्हणून वूल्फला घोर लागला. कल्पनेचा असा मुक्त खेळ समोर असताना कोर्टाने बोट ठेवायचे कशावर? तरीही आतला ऐवज हलका नाही. ऑर्लँडो बाई होताच तिच्या मालमत्तेवर खटले उभे राहतात. ती मेलेली आहे, ती बाई आहे, दोन्हीचा अर्थ कायद्याच्या लेखी जवळपास एकच. हे व्हिटाचे चालू दुखणे होते. केंट परगण्यातला नोल हा तिच्या घराण्याचा प्रचंड वाडा. जानेवारी १९२८ मध्ये वडील वारले आणि एकुलती एक मुलगी असूनही, मुलगी म्हणूनच, तो वाडा तिच्या हातून चुलत्याकडे गेला. वूल्फने तो कादंबरीत तिला परत मिळवून दिला. हस्तलिखितही तिने व्हिटालाच भेट दिले आणि ते आज नोलमध्येच आहे.

शेवटच्या प्रकरणातला एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. विक्टोरिया राणीच्या काळात ऑर्लँडो लग्न करते, बोटात अंगठी घालते आणि आपली कविता पुन्हा लिहायला बसते. कवितेत काही परदेशी मुलींचा ओझरता उल्लेख येतो. त्या ओळी खरे तर व्हिटाच्या ‘द लँड’ या काव्यातून उचललेल्या आहेत. इथे काळपुरुष तिच्या खांद्यावरून वाकून विचारतो : मुली? कशाला? नवरा आहे ना? बरे, चालू दे. आणि वूल्फ पुढे उपमा देते ती कस्टम्सच्या झडतीची. पेटीच्या कोपऱ्यात चोरटा माल आहे, अधिकारी झाकण उघडून पाहतो आणि खडूची खूण करून सोडून देतो. ऑर्लँडो थोडक्यात वाचते. वूल्फने हे लिहिले तेव्हा डोव्हरच्या बंदरात हॉलच्या प्रती अजून अडकायच्या होत्या. आडून लिहिणारीला आपण काय करतो आहोत हे किती नेमके माहीत असते, याचा याहून चांगला पुरावा त्या काळच्या इंग्रजी कादंबरीत क्वचितच सापडेल.

आणखी एक गोष्ट वूल्फच्या हाताशी होती : स्वतःचा छापखाना. १९१७ मध्ये तिने आणि नवरा लेनर्ड वूल्फने हातयंत्रावर सुरू केलेली होगार्थ प्रेस १९२८ पर्यंत भक्कम प्रकाशनसंस्था झाली होती. संपादकाची मर्जी सांभाळायची नाही, कोणाच्या कात्रीची वाट पाहायची नाही. आपल्याला हवे ते लिहिता येणारी इंग्लंडमधली आपण एकटीच बाई आहोत, असे तिने १९२५ मध्येच रोजनिशीत नोंदवले होते. त्याच वर्षीच्या ‘मिसेस डॅलोवे’मध्ये पन्नाशीची क्लॅरिसा तरुणपणी सॅली सेटनने दिलेले एक चुंबन आयुष्यातला परमोच्च क्षण म्हणून आठवते. पण होगार्थची सावली नसलेल्या ठिकाणी वूल्फही जपून चाले. ‘स्लेटर्स पिन्स हॅव नो पॉइंट्स’ ही दोन स्त्रियांमधल्या ओढीची कथा एका अमेरिकन मासिकाने घेतली, तेव्हा संपादकाला कथेतले मर्म कळलेच नाही आणि ६० पौंड मात्र आले, असे तिने व्हिटाला मोठ्या आनंदाने कळवले.

ऑक्टोबर १९२८ मध्येच केंब्रिजच्या न्यूनम आणि गर्टन या मुलींच्या कॉलेजांत तिने दोन व्याख्याने दिली. त्यांतून पुढच्या वर्षी ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ हे पुस्तक झाले. त्यात ती एका काल्पनिक कादंबरीतल्या क्लोई आणि ऑलिव्हिया यांच्याबद्दल बोलते. दोघी एकाच प्रयोगशाळेत काम करतात आणि एकीला दुसरी आवडते. एवढे सांगण्याआधी ती श्रोत्या मुलींना विचारून घेते की पडद्यामागे सर चार्ट्रेस बायरन तर लपलेले नाहीत ना. व्याख्याने खटल्याआधीची, पुस्तक नंतरचे. मॅजिस्ट्रेटचे नाव पुस्तकात आले ते बो स्ट्रीटच्या अनुभवानंतर.

इंग्लिश खाडीच्या पलीकडे, पॅरिसमध्ये, हवा मोकळी होती. नताली बार्नी या श्रीमंत अमेरिकन लेखिकेच्या र्‍यू जाकोब रस्त्यावरच्या घरी दर शुक्रवारी मैफल भरे आणि तिथे बायकांच्या बायकांवरील प्रेमाची चर्चा खालच्या आवाजात होत नसे. त्या गोतावळ्याची थट्टा करणारे ‘लेडीज अल्मनॅक’ हे चिमुकले पुस्तक जूना बार्न्सने १९२८ मध्येच काढले. लेखिकेचे नाव नाही, खासगी छपाई, १,०५० प्रती, छापखाना दिजाँचा दारांतिए, ज्याने जॉइसची ‘युलिसिस’ छापली होती. थट्टेच्या पात्रांत रॅडक्लिफ हॉल आणि उना ट्रब्रिजही होत्या. बार्न्सची पहिली कादंबरी ‘रायडर’ त्याच वर्षी न्यूयॉर्कला आली, तेव्हा अमेरिकन टपाल खात्याच्या भीतीने मजकूर गाळावा लागला. गाळलेल्या प्रत्येक ठिकाणी बार्न्सने फुल्या छापल्या आणि प्रस्तावनेत त्यांचे कारण सांगून टाकले. कात्रीची जखम तिने झाकली नाही. १९३६ ची ‘नाइटवुड’ ही तिची थोर कादंबरी. दोन स्त्रियांच्या विरहाचे इतके घनदाट, काळेभोर गद्य इंग्रजीत दुसरे नाही. तीही टी. एस. एलियटने फेबर प्रकाशनासाठी काही शब्द सौम्य करूनच बाहेर पडू दिली.

बाकीच्यांनी टेबलाचे खण भरले. गर्ट्रूड स्टाइनने १९०३ मध्ये तीन स्त्रियांच्या प्रेमत्रिकोणावर ‘क्यू. ई. डी.’ ही लघुकादंबरी अगदी सरळ भाषेत लिहिली आणि ठेवून दिली. ती १९५० मध्ये, स्टाइन गेल्यावर, छापली गेली. स्वतःचे म्हणणे छापायचे तेव्हा तिने ती कोड्यासारखी भाषा घडवली, जिच्यामुळे ती जगप्रसिद्ध झाली. हिल्डा डूलिटल, म्हणजे एच. डी., हिने ‘हरमायोनी’ १९२७ च्या सुमारास लिहिली, ती आली १९८१ मध्ये. व्हिटाने व्हायोलेट ट्रेफ्युसिसबरोबरच्या आपल्या प्रेमाची हकीकत १९२० मध्ये वहीत लिहून बंद केली होती. तिच्या मुलाने ती १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. साहित्याचा इतिहास प्रकाशनाच्या तारखांवरून लिहायची आपली सवय आहे. या बायकांच्या बाबतीत त्या तारखा फसव्या आहेत.

एक गोष्ट स्पष्ट बोललीच पाहिजे. हॉलचा वारसा, बार्नीची गडगंज संपत्ती, वूल्फने मागितलेले वर्षाचे ५०० पौंड आणि कुलूप लागणारी खोली, हे सगळे ज्यांच्याकडे होते त्यांचीच पुस्तके आपल्यापर्यंत आली. गिरणीत किंवा दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या बायकांनी एकमेकींवर प्रेम केले नसेल असे नाही. हॉलला हजारो अनोळखी बायकांची पत्रे आली, आपली गोष्ट पहिल्यांदा कोणी सांगितली म्हणून. ‘ऑर्लँडो’सारखे पुस्तक त्यांच्या हाती पडले असते तरी त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला असता का, याची शंका वाटते. सूचकता कळायला शिक्षण लागते. सरळ वाक्य कोणालाही कळते, आणि डग्लसला नेमकी त्याचीच भीती होती.

हिकलिनची कसोटी इंग्रजी राज्याबरोबर हिंदुस्थानात आली आणि भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ ला जोडली गेली. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक जुलै १९२७ मध्ये सुरू झाले, हॉल आपली कादंबरी लिहीत होती त्याच काळात. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे दिल्याबद्दल १९३४ मध्ये कर्व्यांवर मुंबईत खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. समलिंगी ओढ असलेल्या माणसांविषयी बोलताना आंबेडकरांनी कोर्टापुढे आधार घेतला तो हॅवलॉक एलिसचा. ज्या एलिसने हॉलच्या कादंबरीला अभिमत दिले आणि साक्षीला मात्र नकार दिला, त्याचे संशोधन सहा वर्षांनी मुंबईच्या कोर्टात एका मराठी संपादकासाठी उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. त्याच्या आदल्याच वर्षी ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले होते. शिकलेल्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातले आणि शरीरातले बोलणाऱ्या त्या कथांनी मराठी समाज इतका खवळला की ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावामागच्या बाळूताई खरे यांना आपली ओळख जपावी लागली. टोपणनाव हाही आडोसाच.

मुंबईत राहणाऱ्या इस्मत चुगताईंना त्यांच्या ‘लिहाफ’ या उर्दू कथेसाठी १९४४ मध्ये लाहोर कोर्टाचे समन्स आले. कथा १९४२ ची. नवऱ्याने दुर्लक्षिलेली बेगम आणि तिची मोलकरीण यांची ही गोष्ट एका लहान मुलीच्या तोंडून येते. मुलीला रात्री भिंतीवर हलणाऱ्या दुलईची सावली दिसते, त्यापलीकडे काही समजत नाही. कोर्टात वकिलाने साक्षीदाराला विचारले की यातला अश्लील शब्द कोणता ते दाखवा. दाखवता आला नाही. खटला निकाली निघाला. सावलीने इस्मत यांना वाचवले, जसे काल्पनिक चरित्राने वूल्फला.

पुढची हकीकत थोडक्यात अशी. न्यूयॉर्कच्या कोर्टाने हॉलच्या कादंबरीला एप्रिल १९२९ मध्येच निर्दोष ठरवले. इंग्लंडमध्ये ती पुन्हा निघाली १९४९ मध्ये आणि कोणीही फिर्याद केली नाही. हॉल १९४३ मध्येच वारली होती. १९५९ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये साहित्यगुणांचा बचाव आणि तज्ज्ञांची साक्ष या दोन्ही गोष्टी ग्राह्य ठरवल्या, ज्या बायरन यांनी नाकारल्या होत्या. १९७४ मध्ये बीबीसीच्या रेडिओवर रात्री झोपण्यापूर्वीच्या वाचनात हीच कादंबरी क्रमशः वाचली गेली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये मुंबईच्या पुस्तकविक्रेत्या रणजित उदेशींच्या खटल्यात हिकलिनची कसोटी थोडी वळवून कायम ठेवली. तिला पूर्ण रजा मिळाली ती २०१४ मध्ये.

हॉलच्या गद्याला नाके मुरडणाऱ्यांची परंपरा वूल्फपासून आजपर्यंत चालत आली आहे आणि गद्यापुरते ते खोटे नाही. पण धोका तिने पत्करला आणि त्याचा लाभ तिच्याहून थोर लेखिकांना झाला, हे मान्य केल्याशिवाय त्या काळाचा हिशेब पुरा होत नाही. वाचकाने दोन्ही कादंबऱ्या जरूर वाचाव्यात. क्रम मात्र नेहमीच्या उलट ठेवावा : आधी हॉल, मग वूल्फ.